उज्जैनच्या रेषेवरचं बीड

उज्जैनचा रेखांश ७५.७८ अंश पूर्व, बीड शहराचा ७५.७६. मध्ये गोदावरी, अजिंठ्याचे डोंगर, तापी, सातपुडा आणि नर्मदा. अंतर साडेचारशे किलोमीटरांच्या वर. तरीही माध्यान्ह दोन्ही गावांत एकाच वेळी होते, फरक पडलाच तर चार-पाच सेकंदांचा. पंचांग करणाऱ्या जुन्या गणकाच्या लेखी या योगायोगाचं मोल मोठं होतं. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा लंकेपासून निघून उज्जैनवरून कुरुक्षेत्राकडे जाते. ग्रहांची गणितं या रेषेसाठी करून ठेवलेली असत. रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला राहणाऱ्याने त्यांना देशांतर संस्कार द्यायचा आणि मगच ती आपल्या गावी वापरायची. बीडमध्ये बसून गणित करणाऱ्याने हा संस्कार शून्य धरला तरी त्याचं काही बिघडत नव्हतं.

भास्कराचार्यांनी करणकुतूहल या ग्रंथात मध्यरेषेवरच्या ठिकाणांची यादीच दिली आहे. त्या यादीत दक्षिणेकडून वर येताना वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, याच्या शेजारी पर्यली नावाचं गाव येतं. हे परळी वैजनाथच असावं असं मानायला क्रम आणि जागा दोन्ही अनुकूल आहेत. आजच्या मोजणीने परळी रेषेपासून पाऊण अंश पूर्वेला सरकते, म्हणजे तीन मिनिटांचा फरक. दूरदूरच्या गावांचं रेखांशांतर मोजणं फार अवघड होतं त्या काळी एवढी चूक क्षम्य होती.

एकदा केलेलं गणित राखून ठेवायचं आणि पुन्हा गरज पडली की नव्याने न करता तेच काढून वापरायचं, या रीतीला संगणकाच्या कामात कॅशिंग म्हणतात. पायथन भाषेत काम करणारे ती रोज वापरतात. फंक्शनला वेळ लागत असेल, किंवा दूरच्या सर्व्हरला एपीआयमार्फत विचारल्यावर उत्तराला उशीर लागत असेल, तर मिळालेलं उत्तर जवळ ठेवायचं. रीत आधुनिक म्हणून शिकवली जाते. गोदाकाठच्या गणकांनी मात्र ती शतकानुशतकं चालवली, आणि तिच्यातले अवघड प्रश्नही त्यांच्यासमोर आजच्याच रूपात उभे राहिले.

मुळात हे गणित किती महाग होतं ते पाहण्यासारखं आहे. सिद्धान्तग्रंथांच्या रीतीने चंद्र कुठे आहे हे काढायचं तर सुरुवात कल्पारंभापासून करायची. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. त्यातले दिवस भास्कराचार्यांच्या परंपरेप्रमाणे १५,७७,९१,६४,५०,००० आणि तेवढ्या काळात चंद्राच्या प्रदक्षिणा ५७,७५,३३,००,०००. कल्पारंभापासून आजवर लोटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, ही बहात्तर हजार कोटींच्या वरची बारा आकडी संख्या. तिला चंद्राच्या अकरा आकडी प्रदक्षिणांनी गुणायचं, मग आलेल्या तेवीस आकडी गुणाकाराला तेरा आकडी संख्येने भागायचं. हे सगळं पाटीवर, धुळीत, हाताने. एवढं करून हाती लागतो तो मध्यम, म्हणजे सरासरी गतीचा, चंद्र. स्पष्ट चंद्रासाठी पुढे मंदफलाचे संस्कार. मग सूर्याचं असंच गणित, मग दोघांतलं अंतर, मग तिथी. आणि हे एका दिवसाचं झालं.

इतकं काम रोज कोणी करत नव्हतं. ग्रंथांचेच तीन थर होते. कल्पापासून मोजतो तो सिद्धान्त, कलियुगाच्या आरंभापासून मोजतं ते तंत्र, आणि ग्रंथकाराच्या हयातीतला एखादा दिवस आरंभ धरून मोजतं ते करण. करणग्रंथात त्या आरंभदिवसाचे ग्रह आधीच काढून दिलेले असतात. त्यांना क्षेपक म्हणतात. वाचणाऱ्याने तिथून पुढच्या दिवसांपुरतंच गणित करायचं. करणाच्या खाली आणखी एक थर, सारण्या किंवा कोष्टकं: नुसतं पाहायचं आणि बेरीज करायची. सर्वांत खाली पंचांग, जिथे वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं उत्तर तयार. संगणकाच्या प्रोसेसरजवळ कॅशचे एकावर एक थर असतात, जवळचा लहान आणि चपळ, दूरचा मोठा आणि सावकाश. इथेही तोच बेत आहे. पाडव्याला देवळात पंचांग वाचणारा गावचा जोशी सगळ्यांत जवळच्या थराशी उभा असे. त्याला कल्पापर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नसे.

भास्कराचार्यांनी स्वतः दोन्ही टोकांना काम केलं. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. करणकुतूहलाचा आरंभ ११८३ चा, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. एवढा मोठा सिद्धान्त लिहिणाऱ्याला उतारवयात हलका, कामाचा ग्रंथ लिहावासा वाटला, यातून त्यांना कामकरी जोशाची कदर होती हेच दिसतं. पुढे त्या करणावरूनही कोणीतरी ब्रह्मतुल्यसारणी बनवली. म्हणजे राखलेल्या गणितावरून आणखी राखण.

बीडचं या माणसाशी नातं काय, हा जुना वाद आहे. भास्कराचार्यांनी आपलं गाव विज्जडविड असं सांगितलं आहे आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं म्हटलं आहे. हे गाव म्हणजे बीड, असं मानणारे अभ्यासक आहेत. बालाघाटची रांग ही सह्याद्रीचीच शाखा असल्याने त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. काही जण विजापूर म्हणतात, तर काहींचा कौल चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. पाटणच्या बाजूने दगडाचा पुरावा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो जगापुढे आणला. लेखाचा शेवट तेव्हाच्या मराठीत आहे आणि मठाला कशातून काय मिळावं याची तरतूद त्यात नोंदली आहे. घराणं पुढे पाटणला नांदलं हे त्यामुळे पक्कं होतं. जन्मगावाचा निकाल मात्र एवढ्याने लागत नाही, आणि बीडकरांनी आपला दावा सोडावा असंही काही नाही.

जन्म कुठेही झालेला असो, त्यांनी मागे ठेवलेली एक चिमुकली सारणी जवळून पाहण्याजोगी आहे. २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. हे नऊ आकडे म्हणजे त्रिज्या १२० धरून दर दहा अंशांनी ज्या किती वाढते त्याचे खंड. आजच्या भाषेत साइनचं कोष्टक. नवांची बेरीज बरोबर १२०. सूर्याची परमक्रांती जुन्या ग्रंथांत २४ अंश धरतात. तिची ज्या काढू. २४ ला १० ने भागलं, दोन खंड गेले, चार अंश उरले. गेलेले दोन खंड २१ आणि २०, मिळून ४१. पुढचा खंड १९, त्याचे चार-दशांश ७.६. उत्तर ४८.६. भास्कराचार्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. गेलेला आणि येणारा खंड यांच्या फरकावरून पुढचा खंड आणखी नेमका करण्याचा नियम त्यांनी दिला आहे. तो लावला की १९ च्या जागी १९.३ येतात आणि उत्तर ४८.७२ होतं. आजच्या कॅल्क्युलेटरवर ४८.८१. नऊ आकडे पाठ असलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं?

पायथनमध्ये उत्तर राखून ठेवण्याच्या कामासाठी फंक्टूल्स नावाच्या मॉड्यूलमध्ये एलआरयू कॅश हा डेकोरेटर आहे. २०११ च्या ३.२ आवृत्तीत तो आला. २०२० च्या ३.९ आवृत्तीत त्याचंच एक साधं रूप नुसत्या कॅश या नावाने मिळालं. फंक्शनच्या डोक्यावर ही एक ओळ लिहिली की फंक्शनला दिलेली मूल्यं ही किल्ली आणि आलेलं उत्तर हा ऐवज, अशी जोडी डिक्शनरीत साठत जाते. तीच किल्ली पुन्हा आली की फंक्शन चालतच नाही, साठवलेलं उत्तर परत येतं. वेगळं काही सांगितलं नाही तर १२८ उत्तरं राहतात. जागा भरली की ज्याची सर्वांत जास्त काळ आठवण झालेली नाही ते बाहेर पडतं. कल्पना त्याहून जुनी आहे. एडिंबराच्या डोनाल्ड मिकी यांनी १९६८ मध्ये नेचर नियतकालिकात आपलं उत्तर लक्षात ठेवणाऱ्या फंक्शनबद्दल लिहिलं होतं.

फायदा किती, याचं नेहमीचं उदाहरण फिबोनाची संख्यांचं. भास्कराचार्यांच्याच काळात गुजरातेत हेमचंद्राने छंदशास्त्राच्या निमित्ताने या संख्या मांडल्या होत्या. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. ही व्याख्या जशीच्या तशी पायथनमध्ये लिहून तिसावी संख्या मागितली तर फंक्शन २६,९२,५३७ वेळा स्वतःला हाक मारतं. डोक्यावर कॅशची ओळ चढवली की ३१ वेळा. दूरच्या सर्व्हरला विचारण्याचं उदाहरण पायथनच्या अधिकृत माहितीतच आहे: भाषेच्या सुधारणांचे प्रस्ताव एकामागून एक संकेतस्थळावरून आणायचे. अकरा वेळा मागणी होते, पण ३२० क्रमांकाचा प्रस्ताव तीनदा आणि ८ क्रमांकाचा दोनदा मागितला जातो. त्यामुळे बाहेर फेरी पडते आठच वेळा, तीन उत्तरं घरातून मिळतात.

इथवर सोपं आहे. अवघड आहे ते किल्ली कोणती धरायची आणि उत्तर कधी टाकून द्यायचं हे ठरवणं.

किल्लीचा प्रश्न बीड जिल्ह्यातच पाहता येतो. पश्चिमेचं आष्टी ७५.१७ रेखांशावर, पूर्वेची परळी ७६.५३ वर. अक्षांश जवळपास सारखे. परळीला सूर्य उगवतो तो आष्टीच्या सुमारे साडेपाच मिनिटं आधी. आता कोणी सूर्योदयाची वेळ सांगणारी सेवा लिहिली, प्रत्येक वेळी एपीआयला विचारणं परवडत नाही म्हणून उत्तर राखून ठेवलं, आणि किल्ली धरली ‘बीड जिल्हा’ व तारीख एवढीच, तर जो आधी विचारेल त्याचं उत्तर दुसऱ्याला मिळणार. उलट फोनमधून येणारे रेखांश सहा-सहा दशांश स्थळांपर्यंत जसेच्या तसे किल्लीत घातले, तर माणूस ओट्यावरून अंगणात आला तरी किल्ली बदलते आणि राखलेलं काहीच कामाला येत नाही. एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकन केलं तर शेजारच्या दोन किल्ल्यांत चोवीस सेकंदांचं अंतर राहतं. सूर्योदयाला तेवढं पुरतं. रडारवरच्या पावसाला पुरणार नाही. हा निर्णय यंत्र घेत नाही, विषय जाणणाऱ्याने घ्यायचा असतो.

जुन्या गणकाने ही किल्ली फार देखणी केली होती. विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांचा शंकू सपाट जागी उभा करायचा आणि त्याची सावली मोजायची. ही त्या गावाची पलभा. बीडला ती ४ अंगुळं ८ व्यंगुळांच्या आसपास येते. तिला १० ने, ८ ने आणि १० च्या तृतीयांशाने गुणलं की तीन चरखंड मिळतात: ४१, ३३ आणि १४ पळं. झालं. गावाच्या अक्षांशाची सगळी ओळख या तीन आकड्यांत आली. तिन्हींची बेरीज ८८ पळं, म्हणजे पस्तीस मिनिटं. सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या एवढा आधी उगवणार आणि तेवढाच उशिरा मावळणार. म्हणून बीडचा सर्वांत मोठा दिवस ३२ घटका ५६ पळांचा, आपल्या घड्याळात तेरा तास दहा मिनिटांचा. गाव बदलत नाही तोवर हे आकडे बदलत नाहीत. ते एकदा काढले की पोराला आणि नातवालाही पुरत.

गोदावरी बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखत जाते, आणि माजलगावच्या बाजूने नदी ओलांडली की पाथरीचा मुलूख लागतो. तिथल्या, म्हणजे तेव्हाच्या पार्थपूरच्या, ज्ञानराजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्धान्तसुंदर लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका लिहिल्या. सरळ वाचली तर रामाची आणि उलट वाचली तर कृष्णाची कथा सांगणारं काव्यही त्याचंच. गोदेच्या उत्तर तीरावरच्या गोलग्रामात दिवाकराचं घराणं होतं. त्याचे मुलगे मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ग्रहलाघव या करणग्रंथावर टीका लिहिल्या, घराणं काशीला गेलं आणि तिथे त्याच घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये सिद्धान्ततत्त्वविवेक रचला. विद्येचा एवढा मोठा पसारा या टापूतून बाहेर पडला, आणि तो आज इथल्या शाळांत फारसा सांगितला जात नाही याची रुखरुख वाटते.

दिवाकराचे गुरू म्हणजे कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. कॅशिंगच्या इतिहासात एकाच भारतीय माणसाचं नाव घ्यायचं ठरलं तर ते त्यांचं घ्यावं. १५२० हा आरंभ धरून रचलेल्या ग्रहलाघवात त्यांनी अहर्गणाचे ४०१६ दिवसांचे तुकडे पाडले. ४०१६ दिवस म्हणजे जवळजवळ नेमकी अकरा वर्षं. एका तुकड्यात प्रत्येक ग्रह किती सरकतो ते ध्रुवक म्हणून आधीच देऊन ठेवलं. आज गणित करायचं तर १५२० पासून असे सुमारे सेहेचाळीस तुकडे होतात. ध्रुवकाला त्या संख्येने गुणायचं आणि उरलेल्या दिवसांपुरती गती मिळवायची. ४०१६ च्या वर दिवस कधी मोजावेच लागत नाहीत. ज्याकोष्टकही त्यांनी काढून टाकलं आणि त्याजागी सोप्या अपूर्णांकांची सूत्रं दिली. आजचा अनुभवी प्रोग्रामरही हेच सांगेल: राखून ठेवण्याआधी गणितच हलकं होतंय का ते पाहा. मग १५२५ मध्ये तिथिचिंतामणी. यात श्लोक थोडे, कोष्टकंच जास्त. वर्षारंभाचे काही आकडे काढले की वर्षभराच्या तिथी, नक्षत्र आणि योग बेरजा-वजाबाक्यांनी हाती येतात. महाराष्ट्रातली पंचांगं एकोणिसाव्या शतकापर्यंत या दोन ग्रंथांवर चालत राहिली.

आता दुसरा प्रश्न, उत्तर किती दिवस टिकतं. गेवराई तालुक्यात गोदेकाठी राक्षसभुवन आहे, शनीचं प्रसिद्ध स्थान. शनीची मध्यम गती रोज दोन कला, म्हणजे अंशाचे दोन साठांश. चंद्राची ७९० कला ३५ विकला. शनीचं कालचं उत्तर आज वापरलं तर चूक डोळ्याला दिसणारही नाही. चंद्राचं वापरलं तर जवळपास एक नक्षत्र हुकतं. म्हणून प्रत्येक उत्तराला स्वतःची मुदत लागते. एलआरयू कॅशमध्ये मुदतीची सोयच नाही. प्रोग्राम चालू आहे तोवर साठवलेलं उत्तर खरंच मानलं जातं. एपीआयसाठी म्हणून कॅशटूल्ससारखी मुदतीची कॅश घेतात, किंवा रिक्वेस्ट्स-कॅश वापरतात. ती उत्तरं एसक्यूलाइटच्या फाईलमध्ये ठेवते, त्यामुळे प्रोग्राम बंद झाला तरी ती शिल्लक राहतात. पैठणच्या धरणातला पाणीसाठा, मोंढ्यातला सोयाबीनचा भाव आणि तालुक्यांची यादी या तिघांना एकच मुदत लावणारा माणूस कुठेतरी फसणारच.

साठवलेल्यात एकदा चूक शिरली तर ती सगळ्यांना पोचते, हाही धोका आहे. सारणीची नक्कल करताना लेखकाच्या हातून एक आकडा चुकला की त्या पोथीवरून उतरलेल्या सगळ्या पोथ्यांत तो चुकीचाच जाई. पायथनमध्ये फंक्शनने यादी परत केली आणि घेणाऱ्याने तिच्यात फेरफार केला, तर कॅशमधली यादीच बदलते आणि पुढच्या प्रत्येकाला बदललेली मिळते. सर्व्हर बंद असताना आलेलं रिकामं उत्तर फंक्शनने मुकाट्याने परत केलं तर तेही साठतं. अडचणीची सूचना एक्सेप्शन म्हणून वर फेकली तर मात्र एलआरयू कॅश ती साठवत नाही. एवढी शिस्त पाळली तरी बरेच घोळ टळतात.

सर्वांत मोठा घोळ सावकाश साठणाऱ्या चुकीचा. ग्रहलाघवातलं सौरवर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. शंभर वर्षांत पावणेसहा तास, चारशे वर्षांत दिवसाच्या जवळ. गणेश दैवज्ञांना असा धोका ठाऊक होता. त्यांचे वडील केशव यांनी आकाशातले ग्रह पाहून जुन्या ग्रंथांशी ताडले होते, आणि ज्या ग्रहाचं ज्या ग्रंथाशी जुळतं ते घेऊन गणेशांनी ग्रहलाघव उभा केला. असं वेळोवेळी बीज देण्याची, म्हणजे दुरुस्ती घालण्याची, परंपराच होती. पुढच्या साडेतीनशे वर्षांत मात्र कोष्टकं राहिली आणि ताडून पाहणं सुटलं. १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातल्या वेधांवर आधारलेली ग्रहसाधनाची कोष्टकं प्रसिद्ध केली, पुढे पटवर्धनी पंचांग निघालं, आणि महाराष्ट्रात दोन पंचांगं झाली. अयनांश, म्हणजे राशिचक्राच्या आरंभाचं वसंतसंपातापासूनचं अंतर, वेगळे धरल्यामुळे कधी अधिक मासच वेगळा पडे आणि एकाच गल्लीत दोन घरांचे सण महिन्याच्या अंतराने येत. १९०४ मध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पंचांग परिषद भरली. वाद पुढेही चालूच राहिला. अखेर १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. त्याचं मध्यस्थान ८२ अंश ३० कलांवर आहे. अक्षांश मात्र उज्जैनचाच, २३ अंश ११ कला, घेतलेला आहे. बीड त्या नव्या रेषेच्या पावणेसात अंश पश्चिमेला पडलं. शून्य संस्काराचा मान गेला, सत्तावीस मिनिटांचा फरक आला.

आज पायथनमध्ये पंचांगाचं गणित करणारे बरेचदा स्कायफिल्ड ही लायब्ररी घेतात. ग्रहांच्या जागा ती स्वतः शून्यापासून काढत नाही. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने काढून ठेवलेल्या गुणकांची फाईल ती एकदा उतरवून घेते आणि पुढच्या वेळी डिस्कवर फाईल दिसली की पुन्हा मागत नाही. डीई-४२१ ही अशी फाईल सतरा मेगाबाइटांच्या आसपास आहे, १९०० ते २०५० एवढ्या काळासाठी. परळीत बसून २०६० चा पाडवा काढायचा तर ती चालत नाही. १५५० ते २६५० पर्यंत जाणारी डीई-४४० चालते. ग्रहलाघवाचा १५२० चा आरंभदिवस ताडून पाहायचा असेल तर तीही तीस वर्षांनी कमी पडते. त्यासाठी डीई-४४१ घेता येते, पण ती गिगाबाइटांच्या घरातली आहे.